मैत्रीतील माया

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लासलगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, या आनंदसोहळ्यात दोन शब्द बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, दानशूरांचे स्मरण करावे, ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. ते काम माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून मी आज थोडा वेगळा विषय घेतो. जो माणूस आपल्याला मानतो, आपल्यावर श्रद्धा ठेवतो, त्याच्या त्या श्रद्धेचा आपण लाभ उठवला तर काय होते, हा तो विषय आहे. तो निवडण्याचे कारण व्याख्यानाच्या ओघात आपल्या लक्षात येईलच.

मराठी भाषेत ‘माया’ हा शब्द किती गोड आहे! आईची माया, आजीची माया, लेकरावरची माया. शिवाय गाठीशी बांधलेल्या पैशालाही आपण मायाच म्हणतो. परंतु आपल्या आगमांत माया म्हणजे कपट. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांतील ती तिसरी. दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात प्रत्येक कषाय आपले काय हिरावून घेतो, हे सांगितले आहे. त्यात मायेच्या वाट्याला मैत्रीचा नाश आला आहे. क्रोधाने प्रीती जाते, मानाने विनय जातो, लोभाने तर सर्वच जाते. परंतु मित्र जातो तो मायेने. शास्त्रकारांनी ही वाटणी किती विचारपूर्वक केली आहे, हे मला उतारवयात उमगले. भांडण झालेला मित्र पुन्हा परत येतो. दोघांनी एकमेकांना चार कठोर शब्द सुनावले तरी दिवाळीला फराळाचे ताट जाते-येते. कपट झालेला मित्र मात्र सहसा भांडतच नाही. तो निमूटपणे निघून जातो.

या संदर्भात एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांचे चरित्र आठवते. दिगंबर परंपरेत हे चरित्र वेगळ्या प्रकारे सांगितले जाते, याची मला जाणीव आहे. श्वेतांबर परंपरेतील ज्ञाताधर्मकथा सूत्राच्या आठव्या अध्ययनात जी कथा येते, ती मी येथे सांगतो.

पूर्वभवात हा जीव महाबल नावाचा राजा होता. त्याचे सहा जिवलग मित्र होते. लहानपणापासून एकत्र वाढलेले. जे काही करायचे ते सातही जणांनी मिळून करायचे, असा त्यांचा संकेत होता. महाबलाने दीक्षा घेण्याचे ठरवले, तेव्हा सहाही मित्रांनी त्याच्यामागे संसार सोडला. यापेक्षा मोठी श्रद्धा ती कोणती? दीक्षेनंतरही सातही मुनींनी समान तप करण्याचा निश्चय केला. परंतु महाबल मुनींच्या मनात मित्रांहून वरचढ राहण्याची इच्छा उत्पन्न झाली. मित्र एक उपवास करीत तेव्हा ते काहीतरी निमित्त सांगून दोन करीत. मित्र दोन करीत तेव्हा ते तीन करीत. मित्रांना शंकासुद्धा आली नाही, कारण महाबलांवर शंका घेण्याची त्यांना सवयच नव्हती.

आता पाहा. महाबलांनी कोणाचे धन घेतले नाही. कोणाचे अन्न हिरावले नाही. त्यांनी तर अधिक उपवास केले! व्यवहाराच्या दृष्टीने यात कोणाचे नुकसान झाले, असा प्रश्न कोणीही विचारील. तरीही शास्त्र त्या तपातील कपटाला वगळत नाही. त्याच तपाने तीर्थंकर नामकर्मही बांधले गेले आणि त्याच तपातील मायेमुळे स्त्रीवेदही बांधला गेला. एका खात्यावरील जमा दुसऱ्या खात्यातील नावे रकमेत वळती होत नाही. ज्यांनी आयुष्यभर वह्या लिहिल्या, त्या आपल्या समाजाला हे सांगावे लागू नये.

पुढे महाबलांचा जीव मिथिलेच्या कुंभ राजाची कन्या मल्ली म्हणून जन्मास आला आणि ते सहा मित्र सहा वेगवेगळ्या देशांचे राजे झाले. मल्लीच्या रूपाची कीर्ती ऐकून सहाही जणांनी तिला मागणी घातली. कुंभ राजाने नकार देताच त्यांनी मिथिलेला वेढा घातला. मल्लीने आपल्यासारखीच हुबेहूब दिसणारी एक सुवर्णप्रतिमा आधीच करवून घेतली होती. ती आतून पोकळ होती आणि तिच्या मस्तकावर झाकण होते. रोजच्या आहारातील एक घास ती त्यात टाकीत असे. सहाही राजे त्या प्रतिमेकडे मोहित होऊन पाहत असताना मल्लीने झाकण काढले आणि असह्य दुर्गंधी पसरली. या देहाचे अंतरंग असे आहे, हे तिने त्यांना दाखवले, पूर्वभवातील मैत्रीचे स्मरण करून दिले आणि त्यांना जातिस्मरण झाले.

ही कथा आपण देहाच्या अशुचित्वाचा बोध म्हणून ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वभवात या सहा जणांच्या श्रद्धेआड महाबलांनी स्वतःचे अंतरंग झाकून ठेवले होते. या भवात तेच सहा जण पुन्हा तितक्याच आसक्तीने समोर उभे राहिले, तेव्हा मल्लीने झाकण स्वतःच्या हाताने उघडले. आपल्यावर लोभावलेल्या माणसाला आपले खरे रूप दाखवणे, हेच त्या जुन्या मायेचे प्रायश्चित्त होते, असे मला वाटते.

बंधू-भगिनींनो, आता शास्त्राकडून इतिहासाकडे वळू या. हा इतिहास महाराष्ट्राचा आहे आणि काही अंशी आपल्या पूर्वजांचाही आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. ज्यांच्यावर रोष होता ते सावकार बहुतांशी मारवाडी आणि गुजराती होते. त्यांत आपले साधर्मिकही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या शेतकऱ्यांना हवे तरी काय होते? माणसांना इजा करण्याचे प्रकार तुलनेने थोडे घडले. त्यांना हव्या होत्या त्या वह्या आणि कर्जरोखे. ते ताब्यात घेऊन त्यांनी जाळले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली होती. हेतू असा की व्याज अनंत काळ साचत जाऊ नये. परंतु दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची युक्ती निघाली. शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. कागदावर काय लिहिले आहे हे तो विचारीत नसे. समोरचा सांगेल तेथे तो अंगठा उठवीत असे. पिढ्यान् पिढ्यांचा संबंध, लग्नकार्यात आणि दुष्काळात शेठजींच्या दारी जाण्याची वहिवाट, आणि शेठजी आपल्याला बुडवणार नाहीत हा भरवसा, यांवर तो अंगठा उठत होता.

या दंग्यामागे सरकारी सारा, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव आणि आटलेले कर्ज अशी अनेक कारणे होती. सर्व दोष सावकारांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. संकटकाळी गावाला जगवणारे सावकारही होते. परंतु फसवणूक झाल्याची भावना खरी होती आणि तिला आधारही होता. पुढे 1879 मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर नोंदवला जावा, त्याला पावती आणि हिशेब मिळावा, अशी तरतूद झाली. दोन माणसांच्या शब्दाने जे चालत होते, त्यामध्ये सरकारचा तिसरा माणूस येऊन बसला.

आपल्या लासलगावच्या बाजार समितीची स्थापना 1947 सालची. पुढे 1963 चा राज्याचा बाजार कायदा आला. उघड लिलाव, प्रमाणित काटा, हिशेबपट्टी, पावती ही सारी व्यवस्था आपण रोज पाहतो. या प्रत्येक नियमामागे कोठेतरी, कोणाचातरी मोडलेला विश्वास आहे. हे नियम परस्परांवर विश्वास नसलेल्या माणसांच्या रक्षणासाठी आहेत. मग जो माणूस आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवून या नियमांच्या बाहेर आपल्याकडे येतो, त्याचे रक्षण कोण करणार? त्याचे रक्षण करणारा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे आपण स्वतः.

हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार मला नाही. तो का नाही, हे सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला आहे.

निफाड तालुक्यातील एका खेड्यातील शेतकरी माझा मित्र होता. शाळेत तो माझ्या मागच्या वर्गात होता. मी त्याला गणित शिकवले होते, एवढ्याच भांडवलावर तो मला आयुष्यभर मोठा मानत आला. तो मला ‘दादा’ म्हणत असे. मुलाचे नाव काय ठेवू, विहीर कोठे खणू, जमीन घेऊ की नको, हे तो मला विचारायला येई. त्याची आई मी गेलो की वेगळ्या चुलीवर कांदा-लसणाविना पिठले करी, कारण ‘शेठजींच्या घरात कंद खात नाहीत’. ज्या कांद्यावर आपली पेढी चालते तो आपल्या ताटात नसतो, याची गंमत तिला वाटत असे, पण ती आमचा नियम आमच्याहून काटेकोरपणे पाळी. मित्राचा माल विकला की मी हिशेबपट्टी त्याच्या हाती देत असे. तो ती न वाचता, चार घड्या घालून खिशात ठेवी.

1998 साली त्याने सुमारे 80 क्विंटल उन्हाळ कांदा लिलावात न लावता माझ्या खळ्यावर आणून टाकला. म्हणाला, “दादा, मला भावातलं कळत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा विका.” ते वर्ष आपणा सर्वांना आठवत असेल. पावसाळा सरता सरता कांद्याचे भाव असे चढले की दिल्लीच्या निवडणुकीत तो मोठा प्रश्न झाला आणि तेथील सरकार गेले. माझ्यावर त्या सुमारास देणे झाले होते. मी मित्राचा माल दसऱ्यानंतर चढ्या भावाने विकला आणि दिवाळीत हिशेब देताना त्याला सांगितले की, तो पोळ्याच्या सुमारासच विकून टाकला होता. तेव्हा भाव एवढाच होता. क्विंटलमागे 400 रुपयांचा फरक. एकूण 32,000 रुपये.

मी मनाची समजूत कशी घातली, तेही सांगतो. माल आपल्या खळ्यात होता, जोखीम आपली होती, सड-घट आपण सोसली, चार महिने जागा अडली. त्याने स्वतः लिलावात लावला असता तर पोळ्याआधीच विकून मोकळा झाला असता. म्हणजे त्याचे नुकसान झालेच नाही! महाबल मुनींच्या उपवासांसारखेच माझे गणित होते. आणि खरी गोष्ट ही की, दुसरा कोणताही शेतकरी असता तर मी हे धाडस केले नसते. दुसऱ्याने भाव विचारला असता, पट्टी तपासली असती. मी मित्राला निवडले ते तो मला मानत होता म्हणून. त्याच्या श्रद्धेचीच मी किंमत वसूल केली.

त्याने पट्टी नेहमीप्रमाणे खिशात ठेवली आणि तो गेला. पुढच्या हंगामात त्याचा माल आला नाही. काही दिवसांनी तो मला बाजार आवारात दुसऱ्या एका आडत्याच्या ट्रॅक्टरजवळ उभा दिसला. मी हसून विचारले, “काय रे, वाट विसरलास काय?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाला, “शेठ, पोळ्याला तुमचं पर्युषण असतं. त्या आठ दिवसांत तुम्ही खळ्यावर पाय ठेवत नाही.”

एवढेच तो बोलला. ‘दादा’चा ‘शेठ’ झाला होता. श्रावण अमावास्येला पोळा येतो आणि त्याच सुमारास आपले पर्युषण असते, हे खोटे बोलताना माझ्या ध्यानात आले नाही. त्याच्या मात्र ध्यानात होते, कारण माझ्या व्रताचा त्याला अभिमान होता. त्या आठ दिवसांत तो स्वतः माझ्याकडे व्यवहाराचे बोलणे काढीत नसे. माझे खोटे त्याच्या आदरानेच उघडे पाडले.

त्यानंतर दरवर्षी संवत्सरीला माझ्याकडून त्याच्या पत्त्यावर छापील क्षमापनापत्र जात राहिले. आपल्याकडे अशी पत्रे गठ्ठ्याने छापली जातात आणि पत्त्यांची यादी मुनीमाकडे असते. ‘जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास’ असा त्यावर मजकूर असे. सहा वर्षांनी, 2004 साली, एक गठ्ठा माझ्या हातात असताना त्या मजकुरावर माझी नजर अडली. येथे ‘अजाणता’ काही नव्हते. आणि ‘असल्यास’ही नव्हते.

संवत्सरीचे प्रतिक्रमण झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो. 32,000 रुपये आणि सहा वर्षांचे व्याज वेगवेगळ्या पाकिटांत नेले होते. ओसरीवर बसून त्याला सारे सांगितले, केव्हा विकला, काय भाव आला, का खोटे बोललो. त्याने ऐकून घेतले. व्याजाचे पाकीट न उघडता परत केले. दुसरे पाकीट उघडले आणि माझ्यासमोर एकेक नोट मोजली. पट्टीची घडीसुद्धा न उघडणारा माझा मित्र नोटा मोजत होता आणि मी ते पाहत होतो. मोजून झाल्यावर म्हणाला, “बरोबर आहेत. माझ्या मनात काही नाही, शेठ.” चहा आला. जेवायला थांबा, असे कोणी म्हटले नाही.

त्याने मला क्षमा केली, असे मी मानतो. तो खोटे बोलणारा माणूस नव्हे. लग्नकार्यात भेट होते, विचारपूस होते. परंतु मैत्री परत आली नाही. क्षमा मागण्याने वैर मिटते. गेलेला मित्र परत मिळेलच, असे आश्वासन शास्त्राने कोठेही दिलेले नाही. हे मला तेव्हा समजले असते तर कदाचित मी सहा वर्षे थांबलो नसतो. कदाचित त्या दिवाळीत खोटेच बोललो नसतो.

श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात जी स्थूल असत्ये वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ आहे. प्रतिक्रमणात आपण त्यास थापणमोसा म्हणतो. म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे. टीकाकारांनी याचा एक सूक्ष्म प्रकार सांगितला आहे. ठेवणारा आपण किती ठेवले होते हे विसरला आणि त्याने कमीच मागितले, तर ‘होय, तेवढेच होते’ असे म्हणून तेवढेच परत करणे, हाही न्यासापहारच आहे. यात मूळ चूक विसरणाऱ्याची आहे; आपण फक्त मान डोलावली. तरीही दोष आपला. मला असे म्हणावयाचे आहे की, कोणी आपल्याला मोठे मानतो, तेव्हा तोही आपल्याकडे एक ठेव ठेवत असतो. तिची पावती नसते, ती कोणत्याही वहीत नसते आणि ती परत मागायला तो कधीच येत नाही. म्हणून तर ती सांभाळणे कठीण.

आपल्या संस्थेच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावा, असे मी नम्रपणे सुचवतो. ट्रस्ट या शब्दाचा अर्थच विश्वास आहे. संस्थेच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो; 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेबतपासणी बंधनकारक केली आहे. परंतु जो तरुण कार्यकर्ता आपल्याबद्दलच्या आदरापोटी रात्र-रात्र जागून मंडप उभारतो, पंगती वाढतो, स्मरणिकेची मुद्रिते तपासतो, त्याच्या श्रमाची तपासणी कोणी लेखापाल करीत नाही. त्याचे काम आपल्या नावावर मांडले जाते आणि तो काही बोलत नाही. जी विधवा भगिनी केवळ अमुक काकांच्या शब्दावर आपली शिल्लक एखाद्या पेढीत ठेवते, ती कागद वाचत नाही. जो नोकर तीस वर्षे ‘शेठ म्हणतील ते’ असे म्हणत आला, तो पगारवाढ मागत नाही. न मागणाऱ्याला कमी देण्याची सवय फार लवकर जडते, हे मी अनुभवाने सांगतो.

मी स्वतःसाठी एक साधा नियम केला आहे. जो माझी पट्टी वाचत नाही, त्याला ती मी वाचून दाखवतो. तो ‘राहू द्या’ म्हणाला तरी दाखवतो. भाव, वजन, हमाली, तोलाई, सर्व. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना एकदा तपासतो, तेथे मानणाऱ्या माणसाशी करताना दोनदा तपासतो. मल्लीकुमारीने झाकण उघडले, ते एवढ्या मोठ्या बोधासाठी. माझ्यासारख्या व्यापाऱ्याला पट्टी उघडून दाखवणे जमले तरी पुष्कळ.

तरुण मित्रांना शेवटची विनंती. यंदाच्या संवत्सरीला छापील पत्रे पाठवायची असतील तर जरूर पाठवा. परंतु त्यापूर्वी यादी स्वतः एकदा वाचा. त्यात असे एखादे नाव सापडेल, ज्यापुढे ‘अजाणता’ हा शब्द लागू पडत नाही. त्या एका नावासाठी पत्र टाकू नका, स्वतः जा. उशीर झालेला असेल, जुनी ओसरी मिळणार नाही, जेवायला कोणी थांबवणार नाही, तरीही जा. त्याचे जे आहे ते त्याला मोजून घेऊ द्या.

पन्नास वर्षांत या संस्थेने जे मिळवले त्यात इमारत आहे, निधी आहे, नावलौकिक आहे. त्याहून मोठी ठेव म्हणजे या पंचक्रोशीतील लोकांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास. पुढील पन्नास वर्षांत ती अबाधित राहो, ही वीतराग प्रभूंच्या चरणी प्रार्थना करतो. माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले गेले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!